सोयाबीनचे पैसे आले, पण नवा मोबाइल काऊन घ्यावा?

सोयाबीन बाजार समितीत गेलं, चुकारा हातात पडला की तालुक्याच्या गावातली मोबाइलची दुकानं भरतात. हिंगणघाट घ्या, पुसद घ्या, मूर्तिजापूर घ्या, दिवाळीच्या आगेमागे सगळीकडे हेच. अलीकडे मात्र काउंटरवर एक प्रश्न फार ऐकू येतो. 'भाऊ, माहा चार सालाचा झाला, पण चालते चांगला. नवा घेऊन काय फरक पडन?' दुकानदार खोक्यावरचे आकडे वाचून दाखवतो. एवढे मेगापिक्सेल, एवढे जीबी, १२० हर्ट्‌झ. गिऱ्हाईक आपला जुना फोन काढून नव्याच्या शेजारी ठेवतं. दोन्हीवर तेच व्हॉट्सअॅप, तेच यूट्यूब, पडदाही जवळपास तेवढाच. दुकानदार मग रंग दाखवायला लागतो.

स्मार्टफोनमधली नवलाई संपत आली का, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. माझं उत्तर असं: यंत्र म्हणून फोनची वाढ मंदावली आहे आणि त्याला कंपन्यांच्या आळसापेक्षा निसर्गाचे नियम जास्त कारणीभूत आहेत. पण कुठे मंदावली, कुठे नाही, हे सुटं करून पाहावं लागतं. लाखभर रुपयांच्या फोनचा हिशेब आणि आपल्या दहा-पंधरा हजारांच्या फोनचा हिशेब एक निघत नाही.

आधी वेग होता तेव्हा किती होता ते पाहू. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटो जी भारतात आला तेव्हा त्याची किंमत १२,४९९ रुपये होती. १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, २०७० एमएएचची बॅटरी (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). तेव्हा हा अगदी पैसा वसूल फोन मानला जाई. मार्च २०१६ मध्ये रेडमी नोट ३ आला, ९,९९९ रुपयांना. रॅम दुप्पट, साठवण दुप्पट, कॅमेरा १६ मेगापिक्सेल, बॅटरी ४०५० एमएएच, ४जी, आणि बोट टेकवलं की उघडणारा. दोन वर्षांत बॅटरी जवळपास दुप्पट आणि किंमत अडीच हजारांनी खाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि डेटाचे भाव कोसळले. गावोगाव फोन शिरला तो या जोडीमुळे. एकट्या फोनला ते जमलं नसतं.

आता पुढची वर्षं बघा. २०२० च्या सुमारास या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी आली आणि चारेक वर्षं तोच आकडा खोक्यावर छापून येत राहिला. वरच्या फोनांचीही तीच गत. २००७ चा पहिला आयफोन २ मेगापिक्सेलचा होता, त्यात ३जी नव्हतं आणि अॅप स्टोअरही नव्हतं. स्टोअर २००८ मध्ये आलं. २०१० मध्ये पडद्याचे ठिपके दिसेनासे झाले, २०१३ मध्ये बोटाच्या ठशाचं कुलूप आलं, २०१७ मध्ये चेहऱ्याचं. त्यानंतर आलेल्या गोष्टी आठवायला थोडं थांबावं लागतं. विक्रीचे आकडेही हेच सांगतात. बाजारातल्या विक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या आयडीसी या संस्थेच्या मोजणीनुसार २०१६ मध्ये जगात सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन बाजारात गेले, २०२३ मध्ये सुमारे ११७ कोटी. लोकांनी फोन वापरणं सोडलं नाही, बदलणं लांबवलं.

विहीर खोदताना वरची माती कुदळीनंच निघते. खाली मुरूम लागला की पहार घ्यावी लागते. त्याखाली काळा खडक लागला की कॉम्प्रेसर, सुरुंग, आणि एकेका फुटाला वरच्या दहा फुटांएवढा खर्च. माणसं तीच असतात, मेहनत उलट जास्त असते, पण सांजच्याला डोकावून पाहिलं तर खोली वाढलेली दिसत नाही. फोनमध्ये आज एकाच वेळी चार-पाच ठिकाणी असा खडक लागला आहे, आणि प्रत्येक ठिकाणचा वेगळा.

डोळ्याची हद्द

सर्वांत सोपा खडक पडद्याचा. चांगल्या नजरेच्या माणसालाही एका ठरावीक कोनापेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. फोन आपण साधारण फूटभर अंतरावर धरतो. त्या अंतरावरून एका इंचात तीनशेच्या आसपास ठिपके असले की बहुतेक डोळ्यांना पुढचं फारसं कळेनासं होतं. ६.७ इंचांच्या फुल एचडी फोनमध्ये इंचाला ३९० च्या वर ठिपके असतात. सोनीनं २०१५ मध्येच इंचाला ८०० ठिपक्यांचा फोन काढला होता. कुणाच्याच डोळ्याला त्याची गरज नव्हती, आणि आज बहुतेक फोन त्याच्या निम्म्यावर सुखानं नांदतात. या बाबतीत काम पूर्ण झालेलं आहे, मंदावलेलं नाही.

पडद्यात खरी सुधारणा झाली ती उजेडाची, आणि जाहिरातीत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. प्रकाश मोजायचं एकक निट्स. जुन्या साध्या फोनचा पडदा चार-पाचशे निट्सचा असे. वावरात भर दुपारी तो काळा आरसा व्हायचा, हाताचा आडोसा करून वाचावं लागे. आता महागडे फोन उन्हात दोन-तीन हजार निट्सपर्यंत जातात आणि मधल्या किमतीतही हजाराच्या वरचे पडदे मिळतात. धुऱ्यावर उभं राहून सातबारा उघडणाऱ्याला पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा करणाऱ्या १२० हर्ट्‌झपेक्षा याचा उपयोग जास्त.

कॅमेऱ्याचा खेळ

कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारी पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. फोटो चांगला येणं हे सेन्सरवर किती प्रकाश पडला यावर अवलंबून आहे. सेन्सर मोठा केला तर प्रकाश जास्त, पण मग भिंग त्याच्यापासून लांब न्यावं लागतं आणि फोन जाड होतो. मागे निघालेले उंचवटे त्यामुळेच. २०२२ मध्ये शाओमीनं साधारण एक इंच म्हणवला जाणारा सेन्सर फोनमध्ये बसवला. खिशात मावायचं असेल तर त्यापुढे जागाच उरत नाही.

मग मेगापिक्सेल कसे वाढतात? त्याच चौकोनाचे जास्त बारीक तुकडे करून. तुकडा बारीक झाला की त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो, म्हणून फोन शेजारचे तुकडे पुन्हा जोडून टाकतो. ५० मेगापिक्सेलचा फोन साधारणपणे चार-चार तुकडे जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. १०८ वाला नऊ-नऊ जोडून १२ चा. २०० वाला सोळा-सोळा जोडून पुन्हा साडेबाराचा. भरपूर उन्हात आणि खास सेटिंग लावून पूर्ण आकडा वापरता येतो, हे खरं, पण तो फोटो व्हॉट्सअॅपवर गेला की तिथे लहान होऊनच पुढे जातो. स्वस्त फोनमागे दोन-दोन मेगापिक्सेलची 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' नावाची भिंगं असतात, त्यांना तर मी सरळ बाशिंग म्हणतो.

खरी प्रगती गणितात झाली. बटण दाबलं की फोन एक फोटो काढत नाही, पटापट अनेक काढतो, ते एकमेकांवर बसवतो, हललेले भाग टाकून देतो आणि त्यातून एक स्वच्छ चित्र तयार करतो. गूगलनं २०१८ मध्ये रात्रीच्या फोटोंसाठी हे आपल्या पिक्सेल नावाच्या फोनवर आणलं. आज बारा हजारांच्या फोनवरही त्याची कमी-जास्त नक्कल आहे. गाईच्या कासेवरची जखम रात्री टॉर्चच्या उजेडात डॉक्टरला पाठवता येते ती त्यामुळे.

मे महिन्यातला फोन

सर्वांत कठीण खडक चिपचा. आणि तो विदर्भात बसून जितका नीट समजतो तितका थंड हवेच्या गावात समजणार नाही.

चिप म्हणजे अतिसूक्ष्म विजेच्या खटक्यांची वस्ती. या खटक्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. २०१३ च्या आयफोनमधल्या ए७ चिपमध्ये ते १०० कोटींहून जास्त होते. २०२३ च्या ए१७ प्रो चिपमध्ये १,९०० कोटी. दहा वर्षांत एवढी वाढ झाली, म्हणजे चिप बनवणारे काही झोपलेले नाहीत. पुढे इंटेल ही चिपची कंपनी काढणाऱ्या गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये अंदाज बांधला होता की चिपवरचे भाग ठरावीक काळानं दुप्पट होत जातील, १९७५ मध्ये त्यांनी तो काळ दोन वर्षांचा धरला. तो अंदाज अडखळत का होईना, अजून चालतो आहे.

तुटला तो दुसरा नियम, ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. आयबीएम कंपनीतले रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान केला तर त्याला वीजही त्या प्रमाणात कमी लागते. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त खटके बसवा, वेग वाढवा, उष्णता मात्र तेवढीच. हा फुकटचा नफा तीसेक वर्षं मिळाला. २००५ च्या सुमारास तो थांबला. खटका इतका लहान झाला की बंद असतानाही त्यातून वीज झिरपायला लागली, आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. तेव्हापासून जास्त काम म्हणजे जास्त उष्णता, हा हिशेब सुटलेला नाही.

लहान करण्यालाही तळ आहे. सिलिकॉनच्या अणूंची एक घडी साधारण अर्धा नॅनोमीटर लांब असते. खटक्याचे सर्वांत बारीक भाग आता मोजक्या डझनभर अणूंवर आले आहेत. खोक्यावरचं '३ नॅनोमीटर' हे पिढीचं नाव आहे, चिपमध्ये कुठे तीन नॅनोमीटरचा खटका बसलेला नसतो. या बारीक रेघा मारायला १३.५ नॅनोमीटर लहरीचा प्रकाश लागतो आणि तो वापरणारी यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. एका यंत्राची किंमत हजार कोटी रुपयांच्या वर. पुढच्या फुटाला किती खर्च येतो, त्याचा अंदाज यावरून यावा.

आता उष्णतेकडे या. फोनमध्ये पंखा नाही. चिपची उष्णता पाठीच्या पत्र्यातून किंवा प्लास्टिकमधून हवेत जायची तेवढीच वाट. हातात धरवेल इतपत, म्हणजे साधारण ४३-४५ अंशांपर्यंतच फोनची पाठ तापू देतात. आणि उष्णता बाहेर किती वेगानं जाईल हे पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा २५ अंशांची असेल तर फरक वीसेक अंशांचा. तेवढ्यावर फोन तीन-चार वॅट सतत बाहेर टाकू शकतो, म्हणजे घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बाच्या निम्म्याहून कमी.

चंद्रपूर, अकोला, वर्धा, ब्रह्मपुरी इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ नोंदलं गेलं होतं. आता फरक काढा. शून्य, किंवा उलटाच. हवा फोनला थंड करत नाही, तापवते. लाखाची चिप असो की आठ हजारांची, त्या दुपारी दोघींनाही स्वतःचा वेग मारून बसावं लागतं. अॅपल आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा म्हणते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ३५ अंश ही सकाळी नऊ-साडेनऊची गोष्ट आहे. तापलेला फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, नेमका तेव्हा जेव्हा उन्हामुळे तो जास्त हवा असतो. मग चार्जिंग थांबवतो. मग कॅमेरा बंद करतो. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी फोनवरच्या फोटोनं लागते, त्या रोजगार सेवकाला विचारा मे महिन्यातल्या फोनचं.

म्हणून नव्या चिपच्या जाहिरातीत 'चाळीस टक्के वेगवान' असं वाचलं की मी मनात जोडून घेतो: सावलीत, आणि पहिली दोन मिनिटं. रोजच्या कामाला तेवढा वेग लागतही नाही. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा छोटा भाग असतो, तो थोड्या विजेत हे काम करतो. मुख्य चिप तेव्हा जवळपास आराम करत असते. पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या फोनवर व्हॉट्सअॅप सारखंच चालतं ते यामुळे.

बॅटरीत खडक थोडा फुटला

लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना. या बॅटरीत चार्ज होताना लिथियमचे कण एका बाजूच्या ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परततात. ग्राफाइटमध्ये एक लिथियम ठेवायला कार्बनचे सहा अणू लागतात. ही रसायनाचीच मर्यादा, कारखाना कितीही सुधारला तरी ती हलत नाही. चिपसारखी दर दोन वर्षांनी दुप्पट होणारी बॅटरी कधीच नव्हती. वर्षाला थोडे टक्के, एवढीच तिची चाल. फोनची बॅटरी वाढली ती बहुतेक करून फोनच मोठा झाल्यामुळे.

सिलिकॉन मात्र ग्राफाइटपेक्षा वजनाच्या मानानं नऊ-दहा पट लिथियम धरू शकतं. अडचण अशी की धरताना ते तिपटीहून जास्त फुगतं आणि रिकामं होताना आक्रसतं. थोड्याच फेऱ्यांत त्याचा भुगा होतो. त्यावर तोडगा म्हणून सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या जाळीत अडकवले गेले. ऑनर कंपनीनं २०२३ मध्ये चीनमध्ये असा फोन आणला, आणि आता ६००० ते ७००० एमएएचचे फोन जाडी न वाढवता भारतातही मिळतात. चारेक वर्षं अडकलेला ५००० चा आकडा पुन्हा हलला तो यामुळे. गेल्या काही वर्षांतली आपल्या कामाची सर्वांत मोठी सुधारणा हीच, असं माझं मत आहे. शेतीपंपाची लाईन आठवड्यात काही दिवस रात्रीची असते. ओलीत करायला रात्री वावरात जाणारा माणूस त्याच फोनची टॉर्च लावतो, त्यावरच गाणी ऐकतो आणि त्याच फोनवरून मोटरच्या मोबाइल स्टार्टरला कॉल देतो.

पण उष्णता इथेही आडवी येते. तापमान ४५ च्या पुढे असताना चार्जिंग केलं तर लिथियम बॅटरीचं आयुष्य भराभर घटतं. ट्रॅक्टरच्या बोनेटवर, पत्र्याच्या खोलीत, मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात चार्जिंगला लावलेला फोन दोन उन्हाळ्यांत थकतो. जलद चार्जिंगची शर्यत २०२३ मध्ये २४० वॅटपर्यंत गेली. त्यातली आपल्या उन्हाळ्यात किती वॅट खरोखर आत जातात, हे कंपन्या खोक्यावर लिहीत नाहीत.

घडीचे फोन सॅमसंगनं २०१९ मध्ये आणले, २०२४ मध्ये हुआवेनं तीन भागांत दुमडणाराही आणला. ही नवलाई आहे यात वाद नाही. सोयाबीन काढणीच्या थ्रेशरजवळ बिजागरीचा फोन उघडून पाहायची माझी तरी हिंमत होणार नाही, आणि किमतीकडे पाहिल्यावर तो विषय तिथेच संपतो.

खोक्यावर न छापलेलं

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सगळं थांबलंच की. नाही. चालू आहे, पण डोळ्याला दिसत नाही अशा जागी.

ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा. इथे मेगापिक्सेलची काही गरज नाही. फोनला स्वतःची जागा अचूक कळायला हवी. झाडं, भिंती यांवरून उपग्रहाचे संदेश उसळी खाऊन येतात तेव्हा साधा फोन दहा-वीस मीटर चुकतो, आणि अॅप म्हणतं तुम्ही गटाबाहेर आहात. पट्टा अरुंद असेल तर दहा मीटर म्हणजे शेजाऱ्याची तूर. २०१८ पासून काही फोन दोन वेगवेगळ्या लहरींवर, एल१ आणि एल५ वर, उपग्रहांचे संदेश घेऊ लागले. दोन्ही ताडून पाहिले की चूक बरीच कमी होते. २०२० पासून काही फोनमध्ये आपल्या इस्रोच्या नाविक उपग्रहांचेही संदेश येतात. ही सोय हळूहळू मधल्या किमतीत उतरली आहे, पण दुकानात 'यात एल५ आहे का' असं विचारलं की दुकानदार आपल्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट सुरक्षेची. 'पीएम किसान' नावाची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अॅप बसवणारी फाइल व्हॉट्सअॅपवर येते, ती उघडली की खातं साफ होतं, हे आता बऱ्याच गावांत घडून गेलं आहे. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अशा अॅपला पडद्यावरचं सगळं वाचायची आणि आपल्या वतीनं बोटं फिरवायची परवानगी सहजासहजी मिळत नाही. फोन मध्ये अडवतो. लबाड माणूस फोनवरून गोड बोलत ते अडथळेही पार करायला लावतो, म्हणून हे कवच पुरं नाही. पण अँड्रॉइड ९ वर थांबलेल्या फोनमध्ये तर तेही नसतं.

तिसरी आवाजाची. लिहायला न जमणारी माणसं आज बोलून यूट्यूब शोधतात. दहा वर्षांपूर्वी मराठीत हे कामाचं नव्हतं. यामागे फोनचा वाटा कमी आणि दूरच्या सर्व्हरचा जास्त. आता तेच काम फोनमध्येच, नेट नसताना करायची धडपड चालू आहे. इथे हार्डवेअरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भाषा समजणाऱ्या, फोनवर बसवायच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) बऱ्याचदा तीनेकशे कोटी आकडे असतात. ते चांगले दाबून बसवले तरी दीडेक जीबी रॅम खातात, आणि बाकीचा फोनही त्याच रॅमवर चालवायचा असतो. ४ जीबीच्या फोनला ते पेलत नाही. अॅपलच्या अशा सोयी ८ जीबी रॅमच्या फोनांवरच चालतात, त्यामागे हेही एक कारण. त्यातच २०२५ च्या अखेरीला मेमरी चिपचे भाव चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या डेटा सेंटरकडून जास्त पैसा मिळतो. म्हणजे ज्या सुधारणेचा फायदा न शिकलेल्या माणसाला सर्वांत जास्त, ती स्वस्त फोनपर्यंत यायला अजून वेळ लागणार. शिवाय ही यंत्रं पुस्तकी मराठी बऱ्यापैकी ऐकतात, वऱ्हाडीत बोललं की गडबडतात. ते सुधारायला नव्या चिपची गरज नाही, वऱ्हाडी माणसांचे आवाज गोळा करायची गरज आहे.

काही अडचणी फोनच्या माथी मारल्या जातात आणि त्या फोनच्या नसतातच. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात फोन 'स्लो' असण्याचं कारण टॉवर लांब असणं. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी वेग भरपूर देतात, पण दूर जात नाहीत आणि भिंतीत अडतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, वेग कमी देतात. नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना केंद्रानं जुलै २०२२ मध्ये मंजूर केली, काम बीएसएनएलकडे. ते टॉवर उभे राहून त्यांना वीज मिळाली तर तिथल्या जुन्या फोनचाच वेग वाढेल.

मग घेताना पाहायचं काय? माझा क्रम असा आहे. उन्हातला उजेड, निट्समध्ये. सहा हजार एमएएचच्या आसपासची बॅटरी. शक्य असेल तर ८ जीबी रॅम. एल५. आणि या सगळ्याआधी, अपडेट किती वर्षं मिळणार. यंत्र पाच-सात वर्षं टिकण्याइतकं चांगलं झालंय, ते मरतं सॉफ्टवेअरअभावी. २०२५ च्या सुरुवातीला व्हॉट्सअॅपनं अँड्रॉइड ४.४ ला रामराम केला, तेव्हा कित्येक धडधाकट फोन एका दिवसात निकामी झाले. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. तो महाग फोनांना आहे. दहा हजारांच्या फोनला बहुधा दोन-चार वर्षं मिळतात, आणि कंपनी-कंपनीत मोठा फरक असतो.

युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला. विक्री थांबल्यावरही पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज होऊनही बॅटरीत ८० टक्के दम उरला पाहिजे. भारतात दुरुस्तीच्या सोयीनुसार वस्तूंना गुण देण्याबद्दल एका समितीनं २०२५ मध्ये केंद्र सरकारला अहवाल दिला. तसा नियम होईतोवर आपल्याकडे अपडेटची वर्षं कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून शोधावी लागतात, आणि बॅटरी बदलून देणारं अधिकृत सेंटर यवतमाळला आहे की थेट नागपूरला, हे पैसे मोजण्याआधी दुकानातच विचारून घ्यावं लागतं.